नोंदणीच्या खिडकीतली चाळीस सेकंदं

माझी मोठी बहीण आमच्या इस्पितळाच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी सांभाळते. सुरुवात तिनं तळघरातल्या रेकॉर्ड रूममधून केली. तिथं कार्डं तारीखवार खणांत लावलेली असत, आणि कुणी तारीख सांगितली की ताई न बघता नेमका खण ओढायची. पुढे कॉम्प्युटर आले. बाकीच्यांनी नाकं मुरडली, ही मात्र रीतसर शिकली आणि तिसऱ्या मजल्यावर गेली. स्वभाव करडा. कुणी चूक दाखवली की आधी त्याला झापणार, तपासणार नंतर. लहानपणी माझा अभ्यास तिनंच घेतलाय, मला विचारा.

त्याच इस्पितळात मी औषधांच्या खिडकीत बसते. शेजारची खिडकी नोंदणीची. तिथल्या कारकुनाला सगळे 'गोगलगाय' म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला माहीत होतं. त्यानं तारीख टाकली की त्या दिवशी बोलावलेल्या रुग्णांची यादी पडद्यावर यायची, आणि यायला चाळीस सेकंदं लागायची. तेवढ्या वेळात रांगेला एवढंच दिसायचं, की माणूस नुसता बसलाय. मीसुद्धा त्याला गोगलगाय म्हटलंय. आता लाज वाटते.

तक्रारी साहेबांपर्यंत गेल्या. ठरलं, की पहिल्या तारखेपासून त्याला चादरींच्या गोदामात बसवायचं. बावीस वर्षं खिडकीत काढलेला माणूस तो. मला म्हणाला, "मी भराभर टाइप करतो हो, पण पुढे मशीनच बसून राहतं. ताईंना एकदा विचाराल का?"

मी विचारलं. ताई भडकली. "त्या तारखेच्या रकान्यावर इंडेक्स आहे, मीच लावलाय. म्हणजे नोंदींचं सगळं टेबल न वाचता मशीनला थेट हवी ती तारीख सापडते. महिन्याभरात दोनदा नव्यानं बांधला तो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!"

"मग तू बस ना एकदा त्याच्या खुर्चीत."

ती बसली. तारीख टाकली. चाळीस सेकंदं गेली. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बाई, डोळा लागला का?" ताई तडक उठली आणि वर गेली. मीही मागोमाग गेले.

तिनं मशीनलाच विचारलं, की हे काम तू कसं करतंस. असं विचारता येतं हे मला तेव्हा कळलं. उत्तर आलं: इंडेक्स वापरलेला नाही, सगळं टेबल वाचावं लागतंय.

ताईनं यादी मागवणारी, आपणच लिहिलेली ओळ उघडली आणि कपाळाला हात लावला.

"रकान्यात तारीख आणि वेळ एकत्र आहे," ती म्हणाली. "खिडकीला हवी नुसती तारीख. म्हणून मी लिहिलं, प्रत्येक नोंदीतली वेळ काढून टाक आणि उरलेली तारीख जुळते का बघ. आता प्रत्येक कार्डावरची वेळ आधी खोडायची म्हटल्यावर प्रत्येक कार्ड हातात घ्यावंच लागणार ना? मग खण लावलेले असून काय उपयोग?"

सहा वर्षांपूर्वी नोंदी पाच हजार होत्या, तेव्हा कुणाला कळलं नाही. आता त्या वीस लाखांवर गेल्या होत्या.

तिनं ओळ बदलली: या दिवशीच्या पहिल्या क्षणापासून दुसरा दिवस लागायच्या आधीपर्यंतचं सगळं दे. रकान्याला हातच लावायचा नाही. तिच्या पडद्यावर यादी पापणी लवायच्या आत आली.

पण खिडक्यांच्या मशीनवर कुठलाही बदल पहिल्या तारखेलाच चढवायचा, हा तिचाच नियम. आधी चढवायचा तर कारण लिहून साहेबांची सही घ्यायची. मी म्हटलं, "चारच दिवस राहिलेत. पहिलीला चढव, कुणाला पत्ताही लागणार नाही."

"अगं, त्याच दिवशी तो खिडकीतून उठणार. तो गेला आणि खिडकी पळायला लागली, असं होईल. मग त्याच्या नावावरचा डाग जन्मात धुतला जाणार नाही."

अर्जात कारणापुढे तिनं लिहिलं: 'माझी चूक.' साहेबांनी चष्मा काढला. "सेवापुस्तकात नोंद होईल बाई."

"होऊ द्या. पण त्याची बदली आधी रद्द करा."

दुसऱ्या दिवशी भर गर्दीत, अकरा वाजता, तिनं बदल चढवला आणि खाली आली. त्यानं तारीख टाकली, यादी आली. त्याला खरंच वाटेना. त्यानं दुसरी तारीख टाकली, मग तिसरी.

"चूक माझी होती," ताई सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "इतकी वर्षं तुम्ही माझ्यापायी बोलणी खाल्लीत."

तो पडद्याकडेच बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, मला वाटायला लागलं होतं, माझंच डोकं मंद झालंय. गेल्या महिन्यात डॉक्टरांना दाखवून आलो. ते म्हणाले काही नाही, पण मी त्यांच्यावरही विश्वास ठेवला नाही."

ताई तिथंच, खिडकीला धरून उभी राहिली.