लाल हातपंप आणि लेकीच्या दोन दाढा

आमच्या माहेरगावच्या हातपंपाला लाल रंग फासलेला होता. पाणी पिऊ नका, असा त्याचा अर्थ. पण रंग लागेपर्यंत आमच्या पिढीनं ते पोटभर पिऊन घेतलं होतं. त्यात फ्लोराइड फार होतं; माझ्या दातांवरचे तपकिरी डाग त्याचेच. लग्नाच्या एकाही फोटोत मी दात दाखवून हसलेली नाही.

म्हणून तिसरीतल्या लेकीला घेऊन अकोल्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि त्या म्हणाल्या, "खालच्या दोन्ही नव्या दाढांवर पांढरे डाग हायेत, कीड सुरू होऊन रायली. फ्लोराइडचा लेप लावू," तेव्हा माझं डोकंच सटकलं.

"मले नोका सांगू फ्लोराइड! त्यानंच आमच्या गावाचे दात खाल्ले."

"ताई, तुमी ते लहानपनी रोज पेल्या, दात बनून रायले होते तवा. हे थेंबभर, वरून लावाचं. मीठ मूठभर पडलं तं भाजी फेका लागते, म्हनून चिमूटभर टाकत नाही का आपन?"

मनात म्हटलं, हिची दुकानदारी! लेकीचा हात धरला आणि अकोल्याच्याच जुन्या शहरातलं आमचं घर गाठलं.

सहा महिन्यांनी लेक शाळेतून गाल धरूनच आली. डाव्या दाढेला खड्डा पडला होता. ती दाढ कोरून भरावी लागली. उजवीवर अजून नुसता डागच होता. "लावा तो लेप," मी म्हटलं.

बारीक ब्रशनं पिवळसर चिकट थेंब फासला, झालं. मला तर फसवल्यासारखंच वाटलं. घरी फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासून फेस थुंकायचा, पण वरून चूळ भरायची नाही, असं बाईंनी बजावलं. आमच्या घरची चूळ शेजाऱ्यांना ऐकू जाते, त्यामुळे हे जरा जडच गेलं.

पुढं दोनदा लेप झाला. मग एक दिवस बाईंनी मला आरशातून ती उजवी दाढ दाखवली. खडूसारखा डाग टणक, चकचकीत झाला होता. कीड जागच्या जागी थांबली होती. ना सुई, ना कोरणं! ज्यानं आमचं अख्खं गाव डागाळलं, त्याच्याच थेंबानं ही दाढ वाचली. मी पुन्हा पुन्हा बघत राहिले.

लेकीनं खुर्चीतून उतरता उतरता विचारलं, "आई, मंग डावी काहून नाही वाचली?"

बाईंनी आरसा खाली ठेवला.

"मी लावू नाही देल्लं, म्हनून," मी म्हटलं.