छातीच्या दोन जागा

कमल घाडीचं काम नेमकं काय, हे डिलाईल रोडच्या त्या चाळीत कुणालाच धड सांगता यायचं नाही. हॉस्पिटलच्या हापिसात आहे, एवढं ठाऊक. त्यामुळे कुणाचं पोर तापलं, कुणाला खाट हवी झाली, की लोक हिच्या दारात. तिनं कितीदा सांगून पाहिलं, की बाबांनो, माझा नि पेशंटचा काडीचा संबंध नाही, मी आकडे जुळवते. ऐकतो कोण! आकडे कसले नि जुळवते म्हणजे काय करते, हे विचारायच्या भानगडीत मात्र कुणी पडलं नाही. तिच्या नवऱ्यानं, जयवंतनंही नाही. तो गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होता, आणि बायको पंख्याखाली बसून काम करते याचंच त्याला अप्रूप होतं.

काम होतं ते असं. सार्वजनिक रुग्णालयांना पुढे कुठल्या विषयाचे डॉक्टर किती लागतील, ते आधी ठरवावं लागतं. साधा डॉक्टर झालेला पोरगा पुढे शिकून हाडांचा होणार, डोळ्यांचा, पोरांचा की छातीचा, हे त्याच्या एकट्याच्या मर्जीवर नसतं. ज्या विषयाच्या जितक्या जागा, तितकेच आत घेतात, आणि एकेकाला तयार व्हायला तीन वर्षं जातात. त्या जागा परळच्या एका जुन्या इमारतीतल्या खोलीत दरसाल ठरायच्या. कुठल्या रुग्णालयात, कुठल्या आजाराची किती गर्दी झाली, कोण म्हातारा डॉक्टर कधी निवृत्त होणार, याची मांडणी करून साहेबांपुढे ठेवायची, हे काम कमलचं. साहेब म्हणजे डॉ. कीर्तिकर. गिरगावातले, हळू बोलणारे, चिडले तरी शिपायालासुद्धा ‘अहो’ म्हणणारे. ते म्हणायचे, घाडीबाई, आपण मोजतो तो गेल्या वर्षीचा आजार आणि डॉक्टर मिळतो तो तीन-चार वर्षांनंतरच्या आजाराला, मधलं सगळं अंदाजपंचे. कमल हसायची आणि पुढच्या बेरजेला लागायची.

ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप झाला. त्याची कथा सगळ्यांना माहीत आहे, ती इथे नको. सुरुवातीला पुरुष माणसं जोरात होती, नाक्यावर सभा, घरात चर्चा. मग महिने लोटले तशी माणसं गप्प होत गेली. शेजारचा गुणाजी बायकापोरांना घेऊन मालवणकडे गेला आणि त्याच्या खोलीला कुलूप लागलं. मजल्यावर अशी कुलपं वाढली. घर कमलच्या पगारावर चाललं होतं. जयवंत सकाळी भाकऱ्या थापायचा, ती डबा घेऊन निघायची, आणि यावर दोघांत कधी एक शब्द झाला नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं तिला वाटायचं. पण भांडायलाही अंगात काहीतरी लागतं, ते दोघांच्याही अंगात उरलं नव्हतं.

आता खोकल्याचं. पिंजायच्या खात्यातला माणूस आणि खोकत नाही, असं कुणी दाखवावं. सोमवारी छाती आवळते, शनिवारपर्यंत जरा सैल होते, रविवारी सुट्टी, परत सोमवार. जयवंतचं वय चाळीसही नव्हतं नि जिना चढताना मधे थांबायचा. संपाच्या आधी तो आणि त्याच्या खात्यातले चारजण महिन्यातून एकदा छातीच्या विभागात जायचे, गोळ्या आणायचे, येताना चहा प्यायचे. संपात ते जाणं बंद झालं. कारण चाळीत एक बातमी पसरली होती. कुणी आणली देव जाणे. बातमी अशी, की गिरण्या उघडतील तेव्हा फाटकावर डॉक्टर बसवणार, छाती तपासणार, आणि ज्याचा हॉस्पिटलात छातीचा केसपेपर निघेल त्याला बाहेरचा रस्ता. गिरणीवाल्यांना नाहीतरी माणसं कमी करायचीच आहेत, त्यांना निमित्त कशाला द्या? झालं. बघता बघता गिरणगावातला खोकला नाहीसा झाला. म्हणजे काय झाला? माणसं उशीत तोंड खुपसून खोकायला लागली. घरोघर अडुळसा उकळायला लागला, आणि बायका नळावर एकमेकींना सांगायच्या, आमच्या ह्यांना आता बरं आहे हो, गिरणीची धूळ नाही ना. सगळ्यांना सगळं माहीत होतं. कोण कुणाला फसवत होतं कोण जाणे! जे फारच आजारी होते ते गावाला गेले, आणि त्यांची पत्रं यायची बंद झाली.

जयवंतनं एकदाच तोंड उघडून सांगितलं होतं. “माझ्या खोकल्याचां खंय बोलू नको. हापिसात तर नायच नाय.” तिनं मान हलवली होती.

पुढच्या साली कमलनं नेहमीसारखे आकडे मागवले. छातीच्या विभागाची गर्दी निम्म्यावर आली होती. तिनं ते कागद टेबलावर ठेवले नि बराच वेळ पाहत बसली. काय झालंय ते तिला कळत होतं, बेरीज करायचीही गरज नव्हती. पण वाटत मात्र काही नव्हतं. हात नेहमीप्रमाणे पेन्सिलीनं खुणा करत राहिले.

बैठकीला पाचसहा मोठे डॉक्टर आले होते. हाडांच्या विभागाला जागा वाढवून हव्या होत्या, आणि त्यांचं गाऱ्हाणं काही खोटं नव्हतं. रस्त्यावरचे अपघात वाढले होते, पेशंट व्हरांड्यात झोपत होते. पण जागा आकाशातून पडत नाहीत, एकाच्या ताटातल्या काढल्या तर दुसऱ्याला मिळतात. सगळ्यांचे डोळे छातीवर गेले. एक म्हणाले, गिरण्या बंद, धूळ बंद, खोकला बंद, सरळ हिशेब आहे. डॉ. कीर्तिकरांना तो हिशेब फार सरळ वाटला. छातीत साठलेलं असं वर्षभरात निघून जातं का, असं ते पुटपुटले. आणि मग, कधी नव्हे ते, त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या कमलकडे पाहिलं.

“घाडीबाई, तुम्ही तर त्याच भागात राहता. खोकला खरंच कमी झालाय का हो?”

तिला कुणी मत विचारायची ही पहिलीच वेळ. खरं सांगायला काय लागत होतं? पण समोरच्या खुर्च्यांमध्ये एक डॉक्टर असे होते, जे आठवड्यातून दोनदा एका गिरणीच्या दवाखान्यात जात. जयवंतच्या नव्हे, दुसऱ्याच. पण गिरणीवाले सगळे एकाच माळेचे मणी, असं चाळीत सगळे धरून चालायचे, आणि कमल चाळीतलीच होती. लपवतात म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, तुम्हाला कसं माहीत? घाडी म्हणजे कोण, मिस्टर कुठे असतात? तिच्या डोळ्यांपुढे फाटक आलं, फाटकावरचा डॉक्टर आला, रांगेतून बाजूला काढलेला जयवंत आला.

“कमी झालाय, साहेब,” ती म्हणाली.

छातीच्या दोन जागा हाडांना गेल्या. बैठक संपली, कपबशा उचलल्या गेल्या. दरवाजात डॉ. कीर्तिकर तिला म्हणाले, बरं झालं तुम्ही सांगितलंत, मनात शंका होती. घरी आली तेव्हा जयवंत तांदूळ निवडत बसला होता. तिनं काही सांगितलं नाही, आणि आज हापिसात काय झालं, असं विचारायची त्याला सवय नव्हती. तिला वाटलं होतं, निदान रात्री डोळा लागणार नाही. पण ती पडल्यापडल्या झोपली. याचंच तिला पुढे भय वाटायचं.

संप कुणी मागे घेतला नाही, तो नुसता विरून गेला. जयवंतच्या गिरणीची दोन खाती सुरू झाली. तो दाढी करून, धुतलेला शर्ट घालून फाटकावर गेला. तिथे ना डॉक्टर होता ना तपासणी. कुणाची छाती बघायला कुणाला सवड नव्हती. आतून नावं पुकारली, त्यात याचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेला, आठवडाभर गेला. खोकणारे, न खोकणारे, सगळे सारखेच फाटकाबाहेर उभे होते. मग ती दोन खातीही बंद पडली आणि फाटकाला आतून साखळी लागली. जयवंत दादरला एका कपड्यांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसायला लागला. राखणदार म्हणे. चोर आलाच असता तर यानं त्याच्यामागे किती पावलं धावायचं होतं, ते दुकानदारानं विचारलं नाही.

हळूहळू केसपेपर निघायला लागले. लपवायचं कुणापासून? आता तर गावाला गेलेलेही परत येऊ लागले. मुंबईत निदान दवाखाना तरी आहे, म्हणायचे. छातीच्या विभागाची गर्दी फुगली. कमलनं ती मांडून दाखवली, पुढच्या साली परत दाखवली. पण एकदा गेलेली जागा मागून मिळत नाही. जागा कमी झाल्या म्हणून विभागाकडे नवे लोक आले नाहीत. नवे नाहीत म्हणून जुने सर निवृत्त झाल्यावर शिकवायला कुणी नाही, आणि शिकवणाराच नाही तर शिकणारा घेता येत नाही, असा नियम. हाडांचा विभाग दिलेल्या जागा सोडणार थोडाच? डॉ. कीर्तिकर निवृत्त होऊन गेले. नवे साहेब चांगले होते, म्हणाले, बघू या पुढच्या वर्षी. कमलनं मान हलवली. दरसाल ती मान हलवायची, कागद बांधायची नि घरी यायची. जयवंतचा श्वास आता दाराबाहेरूनच ऐकू यायचा.

शेवटी एका सकाळी तो स्टुलावरून पडला. दुसऱ्या दिवशी कमलनं रजा टाकली नि त्याला घेऊन रुग्णालयात गेली. व्हरांड्यातल्या बाकांवर निम्मी चाळ बसलेली. गुणाजीही होता. तो इतका वाळला होता, की तिनं त्याला आवाजावरून ओळखलं. दुपार कलल्यावर आत बोलावलं. टेबलाशी एक तरुण डॉक्टर होता, डोळ्यांवर झोप. त्यानं नळी लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि सरळ सांगितलं, की मी साधा औषधांचा डॉक्टर आहे, ही छातीच्या माणसाची केस आहे, आणि तशा एकच मॅडम आहेत. गुरुवारी बसतात. या गुरुवारी जमेलसं वाटत नाही, पण येऊन बघा. त्या पोरालाच कसंसं झालं असावं. तो म्हणाला, आम्हीसुद्धा ओरडतोय हो काका, पूर्वी इथे छातीच्या जागा होत्या, वरच्यांनी कधीतरी काढून घेतल्या.

दोघं बाहेर येऊन बाकावर बसली. लगेच चालणं त्याला शक्यच नव्हतं. श्वास जरा खाली बसल्यावर त्यानं विचारलं, हे जागांचं तुझ्याच हापिसात तर ठरत नाही ना? इतक्या वर्षांत तिच्या कामाबद्दल त्यानं विचारलेला हा पहिला प्रश्न.

कमलनं सगळं सांगून टाकलं. बैठक, हाडांचे डॉक्टर, कीर्तिकर साहेबांनी विचारलेलं, आपण दिलेलं उत्तर, ते का दिलं तेही. सांगताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही, जणू शेजारणीचं काहीतरी सांगत होती. सांगून झालं आणि ती वाट बघत राहिली. त्यानं शिवी द्यावी, सगळ्या व्हरांड्यासमोर द्यावी, असं तिला फार वाटत होतं. तिच्या अंगात इतक्या वर्षांनी काहीतरी हललं होतं, आणि ते हेच होतं.

जयवंत समोरच्या भिंतीकडे बघत होता. मग तिच्या हातावर हात ठेवून, समजूत घातल्यासारखं, थांबत थांबत म्हणाला, “बरां केलंस. नायतर... माका मिलीत परत घेतलां नसतां.”

कमलनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. तिला ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो, घेतलं कुठे तुम्हाला? घेतलं कधी? पण पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिनं त्याच्यापुढे धरली, आणि गुरुवारी सकाळी लवकर निघू या, म्हणाली.