येळवशीला जेवायला आलेला साहेब

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि आजही मी कुणाच्या अंगाऱ्या-धुपाऱ्याला जात नाही. पण हे भर दुपारी, चारचौघांत घडलं.

मी कळंबला कॉलेजात इंग्रजी शिकवतो. तेव्हा एका जुन्या अमेरिकन शोधकाचं चरित्र भाषांतरित करत होतो. अनोळखी डोंगरांत वाटा शोधणारा, कातड्यासाठी जनावरं मारणारा माणूस. बर्फात अडकला तेव्हा त्याने पायातले जोडे उकडून चघळले होते! सगळं पुस्तक असंच ओशट. किळस यायची, पण सोडवत नव्हतं.

त्यात येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, आली. आमचं लव्ह मॅरेज. सासुरवाडी बेंबळीची, लिंगायत, घरात अंडंसुद्धा चालत नाही. सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, लग्नानंतर पहिल्यांदाच मला शेतात जेवायला बोलावलं होतं. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पाच दगडांचे पांडव मांडून पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असा नैवेद्य झाला. या दिवशी वाटसरूलाही हाक मारून जेवू घालतात. मला अवदसा आठवली — मेव्हण्यांना हसवायला मी एक पान वाढून कोपीत ठेवलं आणि त्या शोधकाला नाव घेऊन हाक मारली, या साहेब, लई उपाशी राहिलात.

सगळे हसले. मामा हसले नाहीत.

आमची जेवणं उरकत आली आणि वास सुटला. कुजक्या चरबीचा, ओल्या केसांचा, घशाला चिकटणारा. बायकोने नाकाला पदर लावला. कोपीत डोकावलो तर पान चाटूनपुसून साफ, आणि त्यावर उकडलेल्या चामड्याचा बुळबुळीत तुकडा... कडेला दातांचे व्रण, वर वाफ. आम्ही सगळे कोपीसमोरच बसलो होतो. तिकडं कुत्रंही फिरकलं नव्हतं.

साहजिकच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्यात मटण खाणारा मी एकटा, आणि हाक मारणाराही मीच.

मामा शांतपणे म्हणाले, "जावई, ह्ये तुमी आणलं न्हाय ना? पांडवाम्होरं त्या पानाला हात लावून सांगा. पुन्यांदा म्या इचारणार न्हाय."

मी खरंच आणलं नव्हतं. वाकलो, हात पुढं केला... ती वाफ तोंडावर आली आणि तिथंच, पांडवांसमोर, भडाभडा ओकलो. हात काही लागला नाही.

मामांनी शब्द पाळला, पुन्हा विचारलं नाही. शेतात पुन्हा बोलावलंही नाही.

ते चामडं कुठून आलं, मला आजही ठाऊक नाही. बायको म्हणते, तिचा माझ्यावर विश्वास आहे. पण परवा भाकरी वाढता वाढता तिने हळूच विचारलं, "मग हात का न्हाई लावला?"