साडूबुवा आणि कोरडवाहू

काळजी करणारी माणसं घरोघर असतात. पण ज्या पोरांचं तोंडही कधी पाहिलेलं नाही, त्यांचा दुसरा अल्बम बिघडेल या धास्तीनं ज्याच्या घशाखाली भाकरी उतरत नाही, असा माणूस सबंध सोलापूर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. नवी पेठेत त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. धंदा बरा, बायको समजूतदार, पोरगी हुशार. घरात काळजी करण्याजोगं काही नाही, म्हणूनच बहुधा त्यांनी बाहेरची काळजी घरात आणली. सिनेमातली गाणी त्यांना चालत नाहीत. कुणीतरी आपल्या खोलीत, पदरमोड करून, दोनचार मित्र जमवून गाणी करावीत आणि इंटरनेटवर सोडून द्यावीत, असली 'इंडी' मंडळी हा त्यांचा जीव की प्राण. अशी नवी गाणी बहुतेक शुक्रवारी येतात, आणि साडूबुवांचं पोट गुरुवारीच बिघडतं.

गाणं वाईट निघालं तर ते खचतात हे मी समजू शकतो, पण चांगलं निघालं तर जास्त खचतात. "पहिला अल्बम इतका चांगला करायला नको होता हो," ते एखाद्या अवघडलेल्या लेकीबद्दल बोलावं तसं बोलतात. "आता दुसऱ्याला काय करणार ही पोरं?" शिलाँगकडच्या एका बँडमधल्या ड्रम वाजवणाऱ्याचं लग्न ठरलं, तेव्हा साडूबुवा आठवडाभर सुतकात होते. गोव्याची एक मुलगी स्वयंपाकघरात बसून गाणी करते. तिच्या नव्या गाण्यात एकदम व्हायोलिनं वाजली, तर यांनी मला शाळेत फोन केला. मी घाबरून वर्गाबाहेर आलो. "साडूभाऊ, व्हायोलिनं आली," ते म्हणाले. "आता कंपनीवाले येणार. संपली पोरगी." माझी मेहुणी म्हणते, "आमच्या पिंकीच्या दहावीच्या निकालाला एवढे घाबरले नव्हते."

दुकानातही एक कान कायम इअरफोनचा. एकदा एक म्हातारे गृहस्थ नजर तपासायला बसले होते आणि नेमका तेव्हाच एक नवा अल्बम कानात चालू होता. गृहस्थांनी समोरची अक्षरं वरून खालपर्यंत नेटानं वाचली. साडूबुवा डोळे मिटून म्हणाले, "सुरुवात चांगली होती, पण शेवट घाईत उरकला." म्हाताऱ्यानं माफी मागितली आणि शेवटची ओळ पुन्हा सावकाश वाचून दाखवली.

या माणसाला गेल्या वर्षी आपल्याच जिल्ह्यातला बँड सापडला. मंगळवेढ्याची भावंडं, नाव घेतलं होतं 'कोरडवाहू'. बहीण गायची, भाऊ बाकी सगळं वाजवायचा. चारच गाणी होती, पण साडूबुवांनी ती सगळ्या पेठेला ऐकवली. आनंद त्यांना झाला असेलच. दिसायची ती धाकधूकच. मग एक दिवस त्यांनी तिसऱ्या गाण्याखाली मनापासून अभिप्राय लिहिला: 'गळा उत्तम. पत्र्यासारखा आवाज मात्र फार वर येतो, तो कमी करावा. एक सोलापूरकर.'

त्यानंतर कोरडवाहूचं एकही गाणं आलं नाही.

दोन महिने गेले, चार गेले. साडूबुवा सकाळी उठून आधी मोबाइल बघायचे, मग देवाला हात जोडायचे. शेवटी त्यांनी तो अभिप्राय पुसून टाकला. मग वाटलं, पुसला म्हणजे आपण रागावलो असं त्यांना वाटेल. म्हणून पुन्हा लिहिला. आता तो नवा दिसायला लागला, म्हणजे त्याच गुन्ह्याबद्दल पोरांना दुसऱ्यांदा बोलल्यासारखं झालं. त्या दिवशी ते माझ्या घरी आले आणि चहाला नाही म्हणाले, तेव्हाच मला प्रकरण गंभीर आहे हे कळलं.

"लहान लेकरं असतील हो," ते म्हणाले. "मी कोण लागून गेलो, त्यांना पत्रा म्हणणारा?"

दुकानात आलेल्या एका मंगळवेढेकरानं त्यांना ठिकाण सांगितलं होतं: ती पिठाच्या गिरणीवाल्यांची पोरं. "तुम्ही चला बरोबर," साडूबुवा म्हणाले. "तुम्ही मास्तर. तुम्हाला बघून लोक दार तरी उघडतील."

रविवारी आम्ही एसटीत बसलो. मोकळ्या हातानं कसं जायचं, म्हणून त्यांनी आधी पेढे घेतले. पेढे म्हणजे आनंद झाल्यासारखं दिसेल म्हणून ते घरीच ठेवले. फळं घेतली तर दवाखान्यात निघाल्यासारखं वाटेल. शेवटी दुकानातलं एक चांगलं मखमलीचं चष्म्याचं घर घेऊन निघाले. "तिला चष्मा आहे का?" मी विचारलं. "नसला तर पुढंमागं लागेल," ते म्हणाले, आणि बेगमपूरच्या पुलापर्यंत ओठांतल्या ओठांत माफीची वाक्यं घोळवत राहिले.

गिरणीच्या दारात एक बाई डोक्याला फडकं बांधून ज्वारी पाखडत होत्या. साडूबुवांची सगळी वाक्यं आयत्या वेळी पळाली. ते एवढंच म्हणाले, "कोरडवाहू?"

"हाय की तीन एकर," बाई म्हणाल्या. "का, घ्यायची हाय व्हय?"

मी पुढं होऊन गाण्यांचं सांगितलं. तेव्हा त्यांनी आत हाक मारली आणि बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी बाहेर आली. भुवयांवर पीठ, चष्मा नाही. साडूबुवांनी हात जोडले. "मी तो... पत्र्याचं लिहिलेला. चुकलं माझं."

मुलगी बघत राहिली आणि मग खळखळून हसली. "आई, अगं ते पत्रावाले काका आलेत की!" ती आमच्याकडं वळून म्हणाली, "दादानं ते वाचून लई दंगा केला हुता. पत्राच हाय तो, काका. आमची ज्वारीची कोठी. दादा बोटांनी वाजवायचा. तुमी लिहिल्यावर म्हनला, बघ, सोलापूरपर्यंत आवाज गेला."

साडूबुवा दाराजवळच्या बाकावर बसले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा श्वास पूर्ण आत गेला असावा. "मग गाणी का थांबवली?" त्यांनी विचारलं.

"दादा चाकनला लागला, कंपनीत. पाळ्या असत्यात. घरी आला की नुसता झोपतो बघा." तिनं ओढणीनं हात पुसले. "वडलांची कंबर धरली, तवापासून गिरणी मी बघते. ताल समदा त्याचा हुता. मी नुसतं म्हनत हुते."

"नुसतं नाही," साडूबुवा म्हणाले. आणि मग ते बोलायला लागले. त्यांची मतं मी आजवर शेकड्यानं ऐकली होती, पण ती गाणाऱ्या माणसाला समोर बसवून सांगताना पहिल्यांदाच पाहत होतो. कुठल्या गाण्यात ती शब्दाच्या आधी थांबते, कुठं मुद्दाम सूर सोडते, सगळं सांगितलं. "आणि दुसऱ्या गाण्यात 'पाणी' म्हणायच्या आधी तुम्ही श्वास घेता, तो ऐकू येतो. तिथं मी दर वेळी थांबतो. तो कधी काढू नका."

आईचं पाखडणं थांबलं. "दादा म्हनला हुता काढ म्हनून," मुलगी हळूच म्हणाली. "मी ऱ्हाऊ दिला. कुनाला कळलं आसंल असं वाटलं न्हवतं."

"परत कधी?"

"बघू की," ती म्हणाली. आमच्याकडं 'बघू की' म्हणजे काय, ते लहान पोरालाही कळतं.

तेवढ्यात दळण घेऊन एक आजीबाई आल्या. डबा जड होता. साडूबुवांनी उठून तो गिरणीच्या पीठभरल्या ओट्यावर चढवून दिला. मुलीनं बटण दाबलं आणि गिरणीच्या घरघरीत पुढचं बोलणं बुडून गेलं. चष्म्याचं घर त्यांनी बाकावर ठेवलं. तिनं ते उघडून पाहिलं, आत काही नाही हे बघून पुन्हा हसली, आणि दळता दळताच आम्हाला हात केला.

स्टँडवर गाडीला वेळ होता. मी म्हटलं, "सुटलात की नाही? तुमच्यामुळं काही झालं नव्हतं."

"माझ्यामुळं झालं असतं तर बरं होतं, साडूभाऊ," ते म्हणाले. "माफी मागितली असती आणि पोरं परत गायला लागली असती. आता कुणाची माफी मागायची?"

गाडी आली. खिडकीची जागा मी त्यांना दिली. त्यांच्या बाहीवर कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ लागलं होतं. ते झटकावं म्हणून मी हात पुढं केला, तर त्यांनी बाही हळूच जवळ ओढून घेतली.

"राहू द्या," ते म्हणाले.