दादाचं भरतीचं चक्र

माझा थोरला भाऊ मुंबईच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा आणि मे महिन्यात तोंडवलीला घरी यायचा. साठ सालच्या आसपास एका सुट्टीत त्याने पुठ्ठ्याची चक्रं करून आणली. बाहेरच्या चकतीवर तिथ्या, आतल्या चकतीवर वेळा. भरती कधी, हे आमच्याकडे शेंबडं पोरही तिथीवरून सांगे. पण खाडीच्या तोंडाशी वाळूचा पट्टा होता, आमच्या बोलीत रेव. त्यावर होडीपुरतं पाणी नेमकं कधी चढेल, ते हे चक्र सांगणार होतं. कॉलेजातल्या यंत्रावर वर्षभर आकडेमोड करून त्याने ते जुळवलं होतं.

"रेव दर पावसात सरकता. चक्र चुकला तर माका सांगा, मगे मी सुधारतंय," असं तो घरोघर सांगत फिरला. लोकांनी चक्रं घेतली. गावचा शिकलेला मुलगा, त्याला नाही कोण म्हणणार?

नारळी पौर्णिमेला होड्या लोटण्याआधी गावच्या मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आमच्या झिलान जा काय चक्र केल्यान हा, ता गोड मानून घे रे म्हाराजा!" सगळे गरजले, "व्हय म्हाराजा!" मी दादाला लगेच कळवलं. तो हरखून गेला.

पुढच्या मे महिन्यात येऊन बघतो तर काय, चक्रं घरोघरच्या देव्हाऱ्यात! हळदकुंकवाने चकत्या अशा चिकटलेल्या की फिरता फिरेनात.

"खंय चुकता काय?" तो विचारी.

"शिव शिव! देवाक लावलेला ता. चुकतला कसा?"

दादाचं तोंड एवढंसं झालं. माझा असा संताप झाला की एकेकाला धरून हलवावंसं वाटलं. "पुन्हा नाही करत," तो मला म्हणाला आणि सामान बांधायला लागला.

इतक्यात एक म्हातारा तांडेल तणतणत अंगणात आला. त्याच्या सुनेने पुठ्ठा देव्हाऱ्यात ठेवू दिला नव्हता, म्हणून त्याचं चक्र होडीतच राहिलं होतं.

"रे मेल्या मास्तरा! तुज्या चक्रान माजी होडी रेवेत बसवल्यान! सगळी मासळी कुसली!"

दादाने धावत जाऊन त्याचे दोन्ही हात धरले. "बस, काका, बस. होडी खंय अडाकली? पाणी किती होता?" त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. लग्नातही मी त्याला इतका खूश पाहिला नव्हता.

तांडेल शिव्या देत राहिला, आणि दादा त्याला एकेक प्रश्न विचारत राहिला.