बुधवारची सुट्टी

पोलादाचा प्लांट कधी बंद ठेवत नाहीत, म्हणून सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी मिळत नाही. कोणाची सोमवारी, कोणाची शुक्रवारी. बाबांची बुधवारी. नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं त्यांनी तिथे कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनमध्ये काढली आणि आमच्या घरात रविवार हा शब्द फक्त माझ्या शाळेपुरता राहिला. केस कापायचे बुधवारी, पाहुणे बोलवायचे बुधवारी. माझ्या लग्नाची बोलणीसुद्धा बुधवारीच झाली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी मंगळवारी संध्याकाळी बाबांचा चेहरा जरा सैल व्हायचा.

आईने जंगलात जायची गोष्ट काढली तेव्हा तिचं डायलिसिस सुरू होऊन वर्ष झालं होतं. सोमवार, गुरुवार आणि शनिवार मशीनचे. बाकीचे दिवस मोजून पाणी, बिनमिठाचं वरण आणि सकाळच्या उलट्या. मी वैशाली नगरातल्या सासरहून एक दिवसाआड मरोद्याला, आईबाबांकडे जायची. एकदा तिने सोललेली लसूण तशीच हातात धरून म्हटलं, "मले जनावर पाहाचं आहे."

जनावर म्हणजे वाघ. तिच्या माहेरी, भंडाऱ्याकडच्या जंगलाला लागून असलेल्या गावात, तो शब्द कोणी उच्चारत नसे. ती सहा वर्षांची असताना तिचे वडील पहाटे मोहफुलं वेचायला गेले आणि वाघाने त्यांना मारलं. लोकांनी त्यांना घोंगड्यात गुंडाळून आणलं. आईला आतल्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. तिने ना वडिलांना पाहिलं, ना वाघाला. आमच्या घरापासून जवळच प्राणिसंग्रहालय आहे, पांढरे वाघ बघायला लांबून लोक येतात. आई त्या पिंजऱ्यांकडे कधी फिरकली नाही. म्हणायची, "तो पांढरा, आन तोबी कोंडलेला. त्याले पाहून काय करू? माह्या बाबाले नेलं तो मोकळा होता."

"पाहून करशील काय गं?" मी विचारलं.

"काई नाई. इतकी वर्षं कोणाले भेली मी, ते तं समजंल."

मला हसू आलं नाही. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी दोन मशीनच्या मधल्या दिवसांत जाऊन यायला हरकत नाही म्हटलं, पण गुरुवारी सकाळी परत हजर. म्हणजे मंगळवार आणि बुधवार, एवढीच फट. कान्हाचं जंगल आमच्याकडून कवर्ध्याच्या रस्त्याने पाच-सहा तासांवर.

बाबांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला, अगदी शिफ्टचा असतो तसा. मंगळवारी दुपारी निघायचं, रात्री मुक्काम. बुधवारी सकाळी आईला बरं नसतं म्हणून आराम. बुधवारी दुपारी सफारी, तिथून थेट घर. तक्त्यात आईच्या गोळ्या लाल पेनाने होत्या.

"बुधवारीच का? मंगळवारी पहाटे निघून दुपारीच जाऊ की," मी म्हटलं.

"बुधवार आपला दिवस आहे."

"आणि तिकिटं? मी कॉम्प्युटरवर बघते."

"तू कावून बघतं? गेटवर भेटते. इतकी वर्षं शिफ्ट चालवली मी, एक गाडी नाई चालवता येत काय? करून राहिलो ना."

माझं डोकं फिरलं. मी शिक्षिका आहे, मला कोणी गप्प बसवलेलं चालत नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं पुटपुटत मी चपला घातल्या आणि तोंडावर सांगितलं, "मग करा तुम्हीच." त्यानंतर तीन आठवडे मी मुद्दाम काही बघितलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं. मोबाईल हातातच असायचा.

आईने प्रवासासाठी हिरवी साडी काढली. जंगलात भडक रंग नको, असं बाबांनी कुठूनतरी ऐकून तिला सांगितलं होतं. चिल्फीच्या घाटात तिला दोनदा उलटी झाली. तरी ती खिडकीकडेच बसून राहिली. बुधवारी सकाळी तिने आपणहून मला वेणी घालायला सांगितली. केस फार विरळ झाले होते.

दुपारी आम्ही गेटवर पोचलो. मोकळं आवार, सफारीची एकही उघडी जिप्सी नाही. बाबा उतरून खिडकीपाशी गेले. तिथला माणूस डबा खात होता. तो जे बोलला ते मला गाडीतून ऐकू आलं, "बाबूजी, आज बुधवार है. बुधवार को दोपहर की सफारी बंद रहती है. हर बुधवार."

बाबा परत आले ते दाराचा खटका धरून तसेच उभे राहिले. आईने विचारलं, तेव्हा सांगितलं.

"अगं बाई," आई म्हणाली. "जनावराचीबी बुधवारचीच सुट्टी! तुमच्याच शिफ्टचा दिसते तो."

ती बाबांना सावरायला बोलली हे मला कळत होतं. तरी माझं तोंड सुटलं. "घेऊन बसा आता तुमचा बुधवार," मी म्हटलं. बाबा गाडीत येऊन बसले. थांबता येत नव्हतं, दुसऱ्या दिवशी मशीन होतं. परतीच्या वाटेवर आईने ठरलेल्यापेक्षा दोन घोट पाणी जास्त मागितलं आणि मी ते दिलं नाही. नियम म्हणजे नियम. या दोन घोटांची मला आजही लाज वाटते.

पुढचं बुकिंग मी स्वतः केलं. जागा मिळाली ती दोन महिन्यांनंतरची, मंगळवार दुपारची. तिघांची नावं, वयं, आधारचे नंबर घातले. तो कागद आईने देवघरात ठेवला. रोज दिवा लावताना त्यावरची तारीख वाचायची.

ती तारीख यायला तीन आठवडे असताना, एका रविवारी सकाळी, चहा गाळता गाळता आई ओट्यापाशीच खाली बसली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

मी तो कागद फाडणार होते. बाबा म्हणाले, "राहू दे. जाऊ." मी वाद घातला नाही. या वेळी तक्ता नव्हता. बाबांनी फक्त आईची शाल बरोबर घेतली.

गेटवर तोच माणूस होता. त्याने कागद पाहिला, आमच्याकडे पाहिलं. "तीन नाम हैं. तीसरी सवारी?"

"नहीं रहीं," बाबा म्हणाले. त्याने तिसऱ्या नावावर रेघ मारली आणि कागद परत दिला.

जिप्सी तासभर फिरली. मग ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि बोट दाखवलं. रस्त्यापासून वीसेक हातांवर, सालाच्या झाडाखाली, तो बसला होता. मोठा, पिवळा, मोकळा. मान वळवून आमच्याकडे बघत होता. मला भीती वाटली नाही, रागच आला. आता कशाला दिसतोस, असं वाटलं. बराच वेळ बसला, मग उठून झाडीत गेला.

जिप्सी वळली. बाबा मांडीवरची शाल सारखी घडी करत होते, सोडत होते.

"तुले दिसला ना नीट?" त्यांनी विचारलं.

"दिसला."

"मलेबी दिसला," बाबा म्हणाले. "आता घरी जाऊन सांगाचं कोणाले?"