पंप घ्यायला कुणी हवं

इंदूरच्या कापड गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या, तेव्हाची गोष्ट. राऊजवळच्या एका कॉलेजच्या ग्रीनहाऊसमध्ये मी दिवसभराच्या श्रमदानाला गेलो होतो. तिथे खाकी शर्टातले एक काका फवारणीचा पंप घेऊन झाडं सोडून नुसत्या हवेतच पाणी उडवत होते. मला ते माळी वाटले. पण खऱ्या माळ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मला वाटलं, तुमच्यातलेच आहेत."

"काका, पाणी मुळांना द्या ना."

ते ओरडलेच, मशीनच्या खडखडाटात ओरडावं तसे. "हवा सूखी तो धागा गया, भिया!"

इथे कुठला आलाय धागा? काही कळेना.

तीन वाजता त्यांनी पंप पुसला आणि माझ्यासमोर धरला. माझे हात मातीत होते. "ठेवा ना खाली," मी म्हणालो. ते तसेच उभे. शेवटी वैतागून मी पंप घेतला.

"पुढच्या पाळीवाल्याच्या हातात दिल्याशिवाय मशीन सोडायची नसते," आता ते हळू बोलले. "सूत तुटू नये म्हणून मिलमध्ये हवा ओली ठेवायचं काम माझं. मिल बंद झाली त्या दिवशी मशीन घ्यायला कोणी आलंच नाही."

ते निघून गेले. मलाही घरी जायचं होतं, पण पंप खाली ठेवायला हात धजेना.